आयोलाचा कोट

आमच्या टॉलिव्हर शहराला आयोला प्रेंटिसबद्दल इतका आदर आहे, की तिला मारलं कुणी हे विचारून त्या आदराला कुणी धक्का लावू नये, असं नगरपालिकेचं धोरण आहे. तिच्या नावाचा एक रस्ता आहे. तो कोर्टापासून निघतो आणि कापसाच्या जुन्या गोदामाशी जाऊन संपतो. तपासही साधारण तिथवरच गेला होता. तिच्या नावाचा पोहण्याचा तलाव आहे, त्यात पाणी सोडून सगळं सापडतं. शाळकरी मुलींसाठी वक्तृत्वाचं बक्षीस आहे. ते दरवर्षी महापौर स्वतः देतात आणि मुलींना सांगतात, आयोलासारख्या निर्भय व्हा. निर्भय झाल्यावर पुढं काय होतं, ते भाषणात नसतं.

आयोला आमच्या जिल्ह्यातली पहिली काळी वकीलबाई. पहिल्यांदा कोर्टात उभी राहिली तेव्हा न्यायाधीशांनी तिला केर काढायला आलेली बाई समजून बादली कुठं असते ते सांगितलं. ती म्हणाली, "आभारी आहे, महोदय. केरच काढायला आलेय, पण एका बादलीत मावणार नाही." हा किस्सा आमच्या न्हाव्याच्या दुकानात अजून सांगतात आणि प्रत्येक वेळी न्यायाधीशाचा चेहरा थोडा आणखी लाल होतो.

तिचा शेवटचा खटला शहराच्या कोठडीत मेलेल्या एका ट्रकचालकाचा. पोलीस म्हणाले, तो जिन्यावरून घसरून पडला. कोठडीला जिना नव्हता. आयोला न्यायाधीशांना प्रत्यक्ष तिथं नेऊन पोलिसांना म्हणणार होती, की जिना दाखवा. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तिच्या कचेरीमागच्या आवारात कुणीतरी तिच्या पाठीत गोळी घातली.

पोलिसांनी निष्कर्ष काढला: दरोडा. पर्स तिच्या हाताला तशीच अडकलेली होती, घड्याळ मनगटावर चालू होतं. इतका सुसंस्कृत दरोडेखोर आमच्या गावात त्याआधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. आवारासमोरच्या न्हाव्यानं खिडकीतून पाहिलं होतं: एका माणसानं तिची बाही घट्ट पकडली, तिनं ती सोडवून घेतली, ती वळली आणि आवाज झाला. टोपीमुळे चेहरा दिसला नाही. न्हाव्यानं हे पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी त्याला विचारलं, तुझ्या दुकानाचा परवाना कुठाय?

त्या दिवशी तिच्या अंगात उंटाच्या रंगाचा लोकरी कोट होता. वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा थोरल्या बहिणीनं, व्हर्लीननं, घेऊन दिलेला. पोलिसांनी कोट पुरावा म्हणून नेला. तेवढा एकच पुरावा त्यांनी मनापासून नेला.

व्हर्लीन आता ऐंशीच्या पलीकडे आहे. हृदय तिला अधूनमधून आठवण करून देतं, की आपण कायमचे कामाला नाही. तिनं जन्मभर सातवीला भूगोल शिकवला. या गावातली निम्मी माणसं झोपेतून उठवली तरी नद्यांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडं म्हणतात, ती भीतीपोटी. चर्चमध्ये ती अशर बायकांची, म्हणजे लोकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्यांची, प्रमुख आहे: पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी दुमडलेला. कोण कुठं बसणार, प्रार्थना चालू असताना कुणाला दारातच थांबवायचं, हे ती एका बोटानं ठरवते. तिच्या बोटापुढं मी मोठमोठ्या माणसांना मागच्या बाकावर जाताना पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी राजधानीतल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या एका बाईनं तिला सांगितलं, "कोट मिळवा. बाही इतकी घट्ट धरली असेल, तर कातडीचा एखादा कण अजूनही सापडू शकतो. त्यावरून माणूस कळतो." व्हर्लीन दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेली. तिथं तिला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आलं, की कोट सापडत नाही, जुन्या इमारतीत एकदा पूर आला होता.

"जुनी इमारत टेकडीवर होती," व्हर्लीन म्हणाली.

"हो, मॅडम."

"म्हणजे नदी टेकडी चढून आली, एक कोट घेतला आणि परत खाली गेली?"

"तशी नोंद आहे, मॅडम."

ती ठाण्यातून बाहेर आली तेव्हा मी गाडीत बसून होतो. ती म्हणाली, "कॉर्नेल, मला त्याचं नाव हवंय. जिवंत असेल तर त्याच्या तोंडावर म्हणेन, मेला असेल तर थडग्यावर जाऊन म्हणेन. पण नाव घेतल्याशिवाय मी आयोलाला भेटायला जाणार नाही. काय सांगू तिला? पूर आला होता म्हणून?"

एवढंच तिला हवं होतं. एक बाही.

मग यंदा आमचे पोलीसप्रमुख लामाँट टिसडेल यांनी जाहीर केलं, की नव्या मुख्यालयातल्या सभागृहाला आयोला प्रेंटिस न्यायसभागृह असं नाव देणार. लामाँट आमचाच. गावाचा पहिला काळा पोलीसप्रमुख. आमच्याच चर्चच्या हौदात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि व्हर्लीनच्याच वर्गात त्यानं मिसिसिपी नदी उलटी वाहवली होती. स्वभावानं गोड. कुणाला नाही म्हणवत नाही, आणि ज्या गावात हो म्हणायला लावणारे सगळे वरच्या मजल्यावर बसतात, तिथं हा गुण माणसाला बराच वर नेतो. आयोलाच्या स्मृतिदिनाच्या रविवारी तो चर्चमध्ये येऊन स्वतः बोलणार होता. शिवाय, त्यानं पाद्रीसाहेबांना कळवलं होतं, एक आनंदाचा धक्का द्यायचा आहे.

आदल्या दिवशी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका बटाट्याच्या सॅलडची तयारी करत होत्या. मी चव बघण्याच्या कामावर होतो. व्हर्लीन आत आली आणि म्हणाली, "उद्या लामाँट बोलेल तेव्हा कुणी आमेन म्हणायचं नाही."

सुऱ्या थांबल्या.

"म्हणजे हळू म्हणायचं?" अर्नेस्टीननं विचारलं. तिचा आमेन चर्चबाहेरच्या गाड्यांचे भोंगे सुरू करतो.

"म्हणायचंच नाही. 'बोल' नाही, 'खरंय' नाही, मान डोलवायची नाही. कोट कुठाय हे तो सांगेपर्यंत एक अक्षर नाही."

पाद्री हॅकेट दारात उभे होते. "व्हर्लीनबाई, हे देवाचं घर आहे."

"देवाला बोलायची बंदी नाही केलेली मी."

"पण माणूस मरेल हो तिथं उभ्याउभ्या!"

"जिन्यावरून घसरला असं लिहा," व्हर्लीन म्हणाली.

पाद्रीसाहेबांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडे व्यासपीठावरचा माणूस एकटा बोलत नसतो. तो अर्धं वाक्य टाकतो, उरलेलं अर्धं बाकांवरून परत येतं, त्यावर पाय ठेवून तो पुढचं टाकतो. ऑर्गनवाला मध्ये सूर भरतो. बाकांनी पाय ठेवायला काही दिलंच नाही, तर बोलणाऱ्याची अवस्था अंधारात नसलेली पायरी उतरणाऱ्यासारखी होते. आणि मागून कुणी कळवळून "देवा, मदत कर त्याला!" म्हणालं, तर त्या माणसानं घरी जाऊन दुसरा धंदा बघावा.

"ड्यूप्रीआईचं काय?" अर्नेस्टीननं विचारलं. ड्यूप्रीआई ही आमच्या चर्चची सगळ्यात वयोवृद्ध बाई. ती झोपेतसुद्धा आमेन म्हणते. एकदा सूचना वाचताना गटार तुंबल्याच्या सूचनेला म्हणाली होती.

"पेपरमिंटची गोळी," व्हर्लीन म्हणाली. "मोठी."

रविवारी चर्च भरलं. अंत्यसंस्कारवाल्यांच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. महापौर पहिल्या बाकावर, शेजारी शहराचे वकील. लामाँट गणवेशात, बक्कल चमकत होतं. व्हर्लीन मधल्या वाटेच्या टोकाशी उभी, डावा हात पाठीशी.

"आयोला प्रेंटिस," लामाँटनं सुरुवात केली, "ही या शहराची लेक होती!"

आणि थांबला. थांबायचंच असतं तिथं.

पंखे हलत होते.

"लेक होती!" त्यानं पुन्हा टाकलं, जरा वरच्या पट्टीत.

कुणीतरी खोकलं. बायकोनं त्याला कोपर मारलं.

लामाँटनं ऑर्गनकडं पाहिलं. ऑर्गनवाला एझेल दोन्ही हात मांडीवर ठेवून छताचं रंगकाम बघत होता.

"तिनं अन्यायापुढं मान झुकवली नाही! तिनं, तिनं कधी..." घाम कपाळावरून भुवईत उतरला. एरवी अशा वेळी अशर बाई रुमाल आणि पाण्याचा पेला घेऊन जाते. आज व्यासपीठावर पेला नव्हता. मग बिचाऱ्यानं अखेरचं शस्त्र काढलं. दोन्ही हात वर करून तो म्हणाला, "देव चांगला आहे!"

याला उत्तर असतं, "सदासर्वकाळ!" आमच्याकडची तान्ही पोरंसुद्धा ते देतात. माझ्या जिभेनं दातांवर दोनदा धडका दिल्या. शेजारचा गृहस्थ ओठ मुठीत धरून बसला होता. ते वाक्य आमच्या चर्चमध्ये अनुत्तरित राहण्याची ही पहिलीच वेळ असावी. देवानंही ऐकलं असेल.

शांततेत मागच्या बाकावरून, पेपरमिंटच्या आडून, ड्यूप्रीआईचा आवाज आला: "देवा, मदत कर त्याला!"

लामाँटचा चेहरा पडला. त्यानं हातातला कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदा समोर व्हर्लीनकडं पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला काय हवंय ते मला माहितीय."

"मग?" ड्यूप्रीआई.

"कोट," लामाँट म्हणाला.

"हंऽऽ," बाकांवरून आलं. एवढुसं. पण उपाशी माणसाला भाकरीचा वास यावा तसा लामाँट ताठ झाला.

"कोट हरवला नव्हता."

"खरंय!"

"पूर आला नव्हता!"

"बोल, पोरा!"

"टेकडीवर पूर येईल कसा!"

"आमेन!" अर्नेस्टीन सुटली. एझेलचे हात मांडीवरून उठले आणि ऑर्गननं एक लांब हुंकार दिला. पहिल्या बाकावर शहराच्या वकिलांनी महापौरांच्या कानात काहीतरी सांगितलं. पण लामाँटला आता कोण थांबवणार? आपल्या माणसांचा आवाज त्याला मिळाला होता, आणि तो खरं बोललं की मिळतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. शहराच्या पैशानं दिलेलं इतक्या वर्षांचं प्रशिक्षण त्या एका शोधापुढं वितळलं.

"माझ्याआधीच्या साहेबांना ठाऊक होतं!"

"सांग!"

"त्यांच्या आधीच्यांना ठाऊक होतं!"

"आमेन!"

"तळघरात खोकं होतं, खोक्यावर तिचं नाव होतं, आणि एकानंही ते उघडलं नाही!"

"दया कर, देवा!"

"मी उघडलं!"

सगळं चर्च उभं राहिलं. मीही राहिलो, आणि माझ्या कंबरेला मी कधीपासून तसं करायला मनाई केली आहे. व्हर्लीनच्या चेहऱ्यावर मी आयोला गेल्यापासून न पाहिलेलं काहीतरी होतं.

"मी उघडलं आणि मी म्हणालो, आयोला प्रेंटिसचा कोट असा धुळीत पडणार नाही!"

"नाही पडणार!"

"त्या रक्तासकट पडणार नाही!"

"नाही..." आवाज जरा विरळ झाला.

"मी तो शहरातल्या सगळ्यात उत्तम धुलाईवाल्याकडं पाठवला! एक डाग शिल्लक नाही! पाठीवरचं भोक रफू करून घेतलं, असं की कुठं होतं ते बोट फिरवून सापडणार नाही! आणि तो कोट, नव्यासारखा, सभागृहात काचेच्या कपाटात..."

त्यानं दोन्ही हात पसरले आणि आमेनची वाट पाहिली.

ही शांतता व्हर्लीननं सांगितलेली नव्हती.

भाषण चालू असताना अशर बाई मधल्या वाटेनं चालत नाही. व्हर्लीन चालली. व्यासपीठाच्या पायथ्याशी थांबली.

"लामाँट."

"हो, बाई."

"बाहीसुद्धा धुतली?"

"सगळाच कोट, बाई. इस्त्रीपण..." आणि मग त्याला कळलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर येताना पाहिलं, सावकाश. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोराला फळ्यावरचा नकाशा एकदम कळावा तसं.

"मी बाहीसाठी तुमच्या दारात येत होते, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं." त्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून घुमला, तो बंद करायचं भान कुणालाच नव्हतं. "वकीलसाहेब म्हणाले, कोट सापडला असं सांगितलं तर इतकी वर्षं कुठं होता ते विचारतील. प्रदर्शनात ठेवला तर कुणी विचारणार नाही, टाळ्या वाजवतील. मला वाटलं, तुम्हाला निदान कोट बघायला मिळेल, बाई. स्वच्छ."

"तिला कुणी मारलं?"

"माहीत नाही, बाई."

"का माहीत नाही?"

त्यानं व्यासपीठाची कड धरली. "आम्ही शोधलंच नाही."

"आमेन," व्हर्लीन म्हणाली. एकटीच. मग वळली, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, आणि तिनं डावा हात पाठीशी घेतला. जेवण कुणाला गेलं नाही. सॅलड तसंच उरलं, आणि आमच्या चर्चमध्ये ही बातमी होण्यासारखी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी शहरानं निवेदन काढलं, की पोलीसप्रमुखांचे उद्गार धार्मिक उत्साहाच्या भरातले असून त्यांचा शब्दशः अर्थ घेऊ नये. म्हणजे पूर पुन्हा आला. लामाँट प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर गेला. शहराच्या वकिलांची प्रकृती उत्तम होती, आजही आहे. प्रयोगशाळेतल्या बाईनं कोट तपासला आणि व्हर्लीनला फोनवर सांगितलं, काही उरलेलं नाही. फोनवर ती बाई रडली. व्हर्लीननं तिला धीर दिला आणि फोन ठेवून भांडी घासली, दोनदा.

कोट परत मागितल्यावर मात्र शहरानं अडवलं नाही. आता तो पुरावा राहिला नव्हता, त्यामुळे कुटुंबाच्या भावनांचा विचार करणं सोपं झालं होतं. प्लास्टिकच्या झाकणात, सुगंधी पाकिटासह घरपोच आला.

त्याच दुपारी व्हर्लीन चर्चच्या पायऱ्यांवर कोट मांडीवर घेऊन बसली होती. हातात शिवण उसवायचं हत्यार. मी शेजारी टेकलो. रफू खरंच अप्रतिम होतं. तिनं अस्तरावरून जागा शोधली.

"बघ," ती म्हणाली, "किती जीव लावून केलंय. खुनाचा तपास करताना यातला एक टाका कुणी घातला असता तर?"

मी वाकून ते टाके बघितले.

"तू आयुष्यभर पेपरात लोकांची टर उडवलीस, कॉर्नेल. उडव की आता."

"जमत नाहीये."

"मग टोक धर."

मी टोक धरलं. ती एकेक टाका उसवत गेली. धागे पायरीवर पडत होते, वाऱ्यानं जात होते. शेवटी कोटाच्या पाठीवर नाण्याएवढं भोक उघडं झालं आणि त्यातून तिच्या एप्रनचा पांढरा रंग दिसला. तिनं त्यात बोट घातलं, क्षणभर ठेवलं, काढलं.

सभागृहाचं उद्घाटन मे महिन्यात झालं. आमच्याकडं मेमध्ये कुत्रीसुद्धा सावली बदलत झोपतात. फीत कापायला व्हर्लीनला बोलावलं होतं. न बोलावून चाललं नसतं, चर्चमधलं सगळं गावभर झालं होतं. ती आली उंटाच्या रंगाचा लोकरी कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. तिच्यामागं चर्चच्या सगळ्या अशर बायका, पांढऱ्या पोशाखात. त्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि त्यांनी डावे हात पाठीशी घेतले. महापौर बोलले. धैर्य, वारसा, जखमा भरून येणं. इथं बाकं नव्हती, पण माणसं तीच होती; कुणी आमेन म्हणालं नाही.

मग त्यांनी व्हर्लीनला मोठी कात्री दिली. ती फितीसमोर, दाराकडं तोंड करून उभी राहिली. म्हणजे गावाकडं, कॅमेऱ्यांकडं आणि लाल फुलं लावलेल्या खुर्च्यांतल्या सगळ्या साहेबांकडं तिची पाठ झाली. उन्हात ते भोक अगदी स्पष्ट दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. कॅमेरे सुरू झाले, आणि मग थांबेनात.

व्हर्लीननं फीत कापली नाही. नुसती उभी राहिली.

महापौर हसत पुढं झाले. "प्रेंटिसबाई, जरा इकडं वळता का? फोटोत चेहरा यायला हवा ना."

"राहू दे असंच," व्हर्लीन न वळता म्हणाली. "तुम्ही तिला याच बाजूनं ओळखता."